ग्रामीण कृषी-भूदृश्याचे नियोजन : बिगरशेतीवर बंदी घातली की काम संपते का?

शिवारफेरी

नमस्कार. एका ग्रामीण प्रदेशाच्या भू-वापर आराखड्याचा मसुदा तपासून त्यावर लेखी सूचना देण्याचे काम ज्या अभ्यासगटाकडे आले आहे, त्यात मी आहे. मसुद्यात वस्त्या, रस्ते, उद्योग आणि वन यांना स्वतंत्र रंग दिले आहेत. उरलेला सगळा भाग एकाच फिकट हिरव्या रंगाने भरून त्यावर ‘शेती विभाग’ असे लिहिले आहे आणि त्या विभागात बांधकामावर कडक निर्बंध सुचवले आहेत. गटातील काहींच्या मते एवढे पुरेसे आहे: जमीन बिगरशेती झाली नाही म्हणजे शेतीचा प्रदेश राखला गेला. मला हे पटत नाही, पण न पटण्याची कारणे मुद्देसूद मांडता येत नाहीत.

माझे प्रश्न असे. शेतजमिनीचे क्षेत्र राखणे आणि कृषी-भूदृश्य राखणे, म्हणजे शेतांची ठेवण, बांध, पाण्याच्या वाटा, चराऊ जमिनी, झाडांच्या रांगा आणि वस्ती यांचा मिळून जो प्रदेश घडतो तो राखणे, या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात का? मानल्यास दुसरी गोष्ट आराखड्यात कोणत्या स्वरूपात लिहायची? आणि ज्याच्या जमिनीवर हे निर्बंध येतात त्याने त्याचा भार का सोसावा, या प्रश्नाला जगात कुठे समाधानकारक उत्तर मिळाले आहे का? कायद्याची माहिती असणाऱ्यांनी आणि प्रत्यक्ष शेती करणाऱ्यांनी, दोघांनीही लिहावे.

पाणलोट

शिवारफेरी, दोन्ही गोष्टी वेगळ्याच मानाव्या लागतील, आणि तुमच्या मसुद्यातील खरी उणीव निर्बंध कमी-जास्त असण्याची नाही. बाकी सगळे ठरल्यावर जे उरले ते शेती, असा शेतीचा उणे हिशेब त्यात केलेला दिसतो. ज्या जमिनीचे वर्णनच केलेले नाही तिच्यातले काय राखायचे हे कोणताही नियम सांगू शकत नाही.

या विषयावरचा सर्वांत उपयोगी दस्तऐवज माझ्या मते कौन्सिल ऑफ युरोपचा भूदृश्य करार आहे. तो २० ऑक्टोबर २००० रोजी फ्लॉरेन्स येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि १ मार्च २००४ पासून अमलात आला. निसर्ग आणि माणूस यांच्या परस्पर व्यवहारातून ज्याचे रूप घडले आहे आणि लोकांना ते जसे जाणवते, असा प्रदेश म्हणजे भूदृश्य, अशी त्याची साधारण भूमिका आहे. नामांकित, देखण्या जागांइतकेच साधे आणि बिघडलेले प्रदेशही त्याने कक्षेत घेतले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे त्याने संरक्षण, व्यवस्थापन आणि नियोजन ही तीन कामे वेगळी केली. असलेली वैशिष्ट्ये टिकवणे हे संरक्षण; अपरिहार्य बदलांना वळण देत नियमित देखभाल चालू ठेवणे हे व्यवस्थापन; आणि पुढचा विचार करून नवे घडवणे किंवा बिघडलेले पूर्ववत करणे हे नियोजन. तुमचा मसुदा पहिल्या कामातही फक्त बांधकामापुरता बोलतो. उरलेल्या दोन कामांबद्दल तो गप्प आहे.

आता राखायचे म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने सांगतो. चीनच्या युन्नान प्रांतातील होंगहे येथे हानी लोकांची भातखाचरे आहेत. २०१३ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिथली रचना चार थरांची आहे: डोंगरमाथ्यावर जंगल, त्याखाली वस्ती, वस्तीखाली खाचरे आणि तळाशी नदी. माथ्यावरचे जंगल पाणी धरते, ते पाटांनी वस्तीतून खाली उतरते आणि जाताना वस्तीतले खतही खाचरांपर्यंत नेते. अशा ठिकाणी खाचरांना ‘शेती’, जंगलाला ‘वन’ आणि वस्तीला ‘निवासी’ असे तीन रंग देऊन तीन खात्यांकडे सोपवले, तर प्रत्येक खात्याने आपला रंग चोख राखूनही प्रदेश हातचा जाईल. फिलिपिन्समधील इफुगाव येथे खाचरांच्या वरच्या अंगाला कुटुंबांच्या मालकीचे वृक्षपट्टे असतात, त्यांना मुयोंग म्हणतात. ते तुटले की खालच्या खाचरांचे पाणी आटते. तिथे खाचर राखायचे ठरवले तर मुयोंगचा विचार आधी करावा लागतो.

पाण्याचे व्यवहार तर नकाशावर दिसतही नाहीत. बाली बेटावर सुबक नावाच्या पाणीवाटप संस्था आहेत, त्यांची परंपरा नवव्या शतकापर्यंत मागे जाते. कोणत्या शिवारात केव्हा लावणी होईल आणि केव्हा जमीन मोकळी राहील, हे एका प्रवाहावरच्या सुबक संस्था जलमंदिरांच्या मध्यस्थीने मिळून ठरवत आल्या. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणाखाली शेतकऱ्यांना शक्य तितक्या वेळा पीक घेण्यास सांगण्यात आले आणि हे सामाईक वेळापत्रक मोडले. परिणामी पाण्याची ओढाताण झाली आणि किडींचा प्रादुर्भाव वाढला, कारण पूर्वी मोठे क्षेत्र एकाच वेळी मोकळे राहिल्याने किडींची उपासमार होत असे. मानवशास्त्रज्ञ जे. स्टीफन लॅन्सिंग यांनी हा संबंध तपशिलाने दाखवून दिला. या काळात खाचरे होती तिथेच होती आणि जमिनीचे क्षेत्रही घटले नव्हते. मोडला होता तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला ताळमेळ.

म्हणून आराखड्याचे एकक सर्वे नंबर किंवा प्रशासकीय हद्द न धरता लहान पाणलोट क्षेत्र धरावे, असे मी सुचवीन. प्रत्येक पाणलोटाची नोंद करताना पिकांपेक्षा रचनेकडे लक्ष द्यावे: पाणी कुठून येते, कुठे अडते, कुठे मुरते, बांध कोणत्या दिशेने आहेत, पाणंदी कुठे जातात, सामाईक चराई कोणती, झाडांचे सलग पट्टे कोणते, यांतले काय कोण आणि कोणत्या हंगामात सांभाळतो. शेवटचा प्रश्न बहुतेक सर्वेक्षणांत विचारलाच जात नाही.

ही नोंद कागदावर आणण्याचे काम वाटते त्याहून अवघड आहे, याची जाणीवही ठेवावी. केरळने २००८ मध्ये भातजमीन आणि पाणथळ जागांच्या संवर्धनाचा कायदा केला आणि स्थानिक समित्यांनी अशा जमिनींची माहितीपेढी तयार करावी अशी तरतूद केली. कल्पना उत्तम होती. मात्र अनेक ठिकाणी याद्यांना उशीर झाला, काही भातजमिनी सुटल्या, काही फार पूर्वी भराव घातलेल्या जागा आत आल्या, उपग्रह-चित्रांशी ताळा घेण्याची वेळ आली आणि पुढचे बहुतेक वाद कायद्याच्या हेतूपेक्षा यादीतल्या नोंदीवर झाले. नोंद शिवारात फिरून झाली आणि ती सर्वांसमोर वाचली गेली, तर पुढची निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

भूकरमापक

पाणलोट यांनी रचनेबद्दल लिहिले ते योग्यच आहे, पण त्यातून बांधकाम-निर्बंध गौण आहेत असा अर्थ कोणी काढू नये. जमिनीला शेतीपलीकडचा भाव येईल अशी आशा एकदा निर्माण झाली की बांध, पाट, झाडे यांत गुंतवणूक करणे मालकाला निरर्थक वाटू लागते. उद्या जिथे भूखंड पडणार तिथे आज बांध कोण दुरुस्त करील? त्यामुळे ठाम, लवकर न बदलणारी सीमारेषा ही पहिली अट आहे. ती एकटी पुरत नाही, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९७३ मध्ये सिनेट बिल १०० संमत करून राज्यव्यापी नियोजन सुरू केले. प्रत्येक शहराभोवती वाढीची सीमा आखायची आणि तिच्याबाहेरची सुपीक जमीन केवळ शेतीसाठी राखीव ठेवायची, ही त्यामागची दिशा. दोन बारकावे लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला म्हणजे राखीव जमिनीवर कर शेतीमूल्याप्रमाणे लागतो, बाजारातल्या संभाव्य भावाप्रमाणे नाही. दुसरा म्हणजे नव्याने पाडायच्या तुकड्याची किमान मर्यादा: १९९० च्या दशकापासून ती सर्वसाधारण शेतजमिनीसाठी ८० एकर आणि चराऊ जमिनीसाठी १६० एकर आहे. हे आकडे तिथल्या शेतीच्या आकारमानाशी जुळणारे आहेत, ते उचलून कुठेही लावता येणार नाहीत. तत्त्व मात्र सर्वत्र लागू पडते: किमान तुकडा इतका मोठा असावा की त्याला घरासाठीचा भूखंड म्हणून गिऱ्हाईक मिळू नये, आणि इतकाही मोठा नसावा की खऱ्या वाटण्या अशक्य व्हाव्यात. जिथे बहुतेक खातेदार अल्पभूधारक आहेत तिथे तुकड्याच्या आकारापेक्षा प्रत्येक तुकड्यामागे मिळणाऱ्या बांधकाम-हक्कावर मर्यादा घालणे अधिक न्याय्य ठरते.

ऑरेगनची पुढची गोष्टही सांगायला हवी, कारण तुमचा तिसरा प्रश्न तिथे मतपेटीपर्यंत गेला. नोव्हेंबर २००४ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘मेझर ३७’ हा प्रस्ताव मंजूर केला: निर्बंधामुळे जमिनीचे मूल्य घटले असेल तर शासनाने भरपाई द्यावी, अन्यथा निर्बंध माफ करावा. भरपाईला पैसा नव्हता, म्हणून माफीची वाट खुली झाली आणि हजारो दावे दाखल झाले. तीन वर्षांनी, २००७ मध्ये, ‘मेझर ४९’ द्वारे मतदारांनीच ती सवलत मुख्यतः मोजक्या घरांपुरती आवळली. तीस वर्षे चाललेली यंत्रणा भार कोणी सोसायचा हे ठरवून न ठेवल्यामुळे एका मतदानात डळमळली, असा माझा निष्कर्ष आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेही १९७३ मध्ये कृषी-भूमी राखीव क्षेत्र निर्माण केले. प्रांताच्या साधारण ५ टक्के जमीन त्यात येते. एकूण आकडा बराच काळ फारसा हलला नाही, आणि टीका नेमकी तिथेच आहे: दक्षिणेकडची उत्तम जमीन वगळली गेली आणि उत्तरेकडची कमी प्रतीची जमीन घातली गेली, त्यामुळे बेरीज शाबूत राहिली आणि कस घसरला. चीनमध्येही हीच अडचण दिसते. १.८ अब्ज मू, म्हणजे सुमारे १२ कोटी हेक्टर, शेतजमिनीची ‘लाल रेषा’, म्हणजे क्षेत्र जिच्याखाली जाऊ द्यायचे नाही अशी मर्यादा, तिथे आखलेली आहे, आणि १९९८ च्या भू-प्रशासन कायद्यातील दुरुस्तीनुसार बांधकामासाठी घेतलेल्या शेतजमिनीइतकी नवी जमीन तयार करावी लागते. सपाटीवरची काळी जमीन जाते आणि तिच्या बदल्यात उतारावरची हलकी जमीन कागदावर येते. तुमच्या मसुद्यात ‘एकूण शेतीक्षेत्र कायम राहील’ असे वाक्य असल्यास ते काढून टाकायला सांगा आणि त्या जागी मृदेची प्रत व स्थान यांचा उल्लेख आणा.

पळवाटांपैकी सर्वांत मोठी पळवाट ‘शेतघर’ ही असते. ब्रिटिश कोलंबियात राखीव जमिनीवर शेतघराच्या नावाने प्रचंड बंगले उभे राहू लागल्यावर २०१८ मध्ये कायदा करून घराचे एकूण क्षेत्र ५०० चौरस मीटरपर्यंत मर्यादित करावे लागले. शेतघराची व्याख्या आकारासोबत जागेनेही बांधा. घर शेताच्या कडेला, रस्त्यालगत आणि इतर घरांजवळ असावे. शेताच्या मधोमध उभे राहिलेले एक घर रस्ता, वीज आणि सांडपाणी यांच्यासाठी आजूबाजूची बरीच जमीन निकामी करते.

भरपाईचे एक रूप मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीत पाहायला मिळते. १९८० मध्ये तिथे सुमारे ९३,००० एकरांचे कृषी राखीव क्षेत्र ठरले, दर ५ एकरांना एक घर ही मुभा घटवून दर २५ एकरांना एक घर अशी केली, आणि गेलेल्या हक्काच्या बदल्यात दर ५ एकरांमागे एक हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आपण ज्याला टीडीआर म्हणतो तो, जमीनमालकाला दिला. हा हक्क तो शहरी भागातील विकासकाला विकू शकतो. हा मार्ग चालण्यासाठी हक्क विकत घेणारे क्षेत्र आधी निश्चित असावे लागते आणि तिथे दाट बांधकामाची खरी मागणी असावी लागते. ती नसेल तर शेतकऱ्याच्या हाती नुसते प्रमाणपत्र उरते. फ्रान्सची पद्धत वेगळी आहे. १९६० च्या कायद्याने तिथे ‘साफेर’ या प्रादेशिक भूसंस्था स्थापन झाल्या. विक्रीस निघालेल्या शेतजमिनीवर त्यांना अग्रक्रयाचा, म्हणजे इतरांआधी ती विकत घेण्याचा, हक्क असतो, त्यामुळे जमीन शेती करणाऱ्याच्या हाती जाण्याची शक्यता वाढते.

वाफसा

मी शेती करतो, म्हणून वरच्या दोन्ही प्रतिसादांत जे थोडे मागे पडले आहे ते लिहितो. जमीन विकली जाण्याची भीती शहराजवळच्या शिवारांना आहे. शहरापासून दूरच्या शिवारांत जमीन विकत घ्यायलाच कोणी येत नाही. तिथे शेती कसणाराच उठून जातो. अशा ठिकाणी बांधकामबंदीने काहीही राखले जात नाही, कारण बांधायला कोणी येणारच नसते.

इफुगावचा उल्लेख वर आला आहे. फिलिपिन्सच्या त्या भातखाचरांचा समावेश १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला आणि अवघ्या सहा वर्षांत, २००१ मध्ये, ती धोक्यातील वारशाच्या यादीत गेली. तिथून बाहेर यायला २०१२ उजाडले. तरुण माणसे गाव सोडत होती, पाटांची डागडुजी थांबत होती, खाचरे पडीक होत होती. इटलीच्या चिंक्वे तेर्रे किनाऱ्याची कथा आणखी बोलकी आहे. १९९७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, पर्यटकांची रीघ लागते, पण समुद्रालगतच्या कड्यांवरच्या द्राक्षांच्या पायऱ्या अनेकांनी सोडून दिल्या, कारण त्या कसण्याचे कष्ट आणि हॉटेलातील नोकरी यांची तुलनाच होत नाही. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या गावांवर डोंगर घसरून आले. सोडून दिलेल्या पायऱ्या दरडींना अधिक बळी पडतात, असे त्यानंतरच्या अभ्यासांत दिसले. चुना-सिमेंटाविना रचलेल्या दगडी भिंतीतून पाणी झिरपून जाते, म्हणून ती टिकते; मात्र एक दगड निसटला की तो त्याच हंगामात बसवावा लागतो. तो बसवणारा माणूस त्या उतारावर राहत नसेल तर भिंत फार वर्षे तग धरत नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने आठ युरोपीय देशांतील ही रचाईची कला अमूर्त वारसा म्हणून मान्य केली, ते चांगलेच झाले, पण मान्यतेने मजुरी भागत नाही.

त्यामुळे ‘भार कोणी सोसावा’ या प्रश्नाचे माझे उत्तर साधे आहे: बांध, पाट, भिंती यांची देखभाल हे काम आहे, आणि कामाचे पैसे मिळाले पाहिजेत. यात जपानची पद्धत मला सर्वांत समजूतदार वाटते. डोंगराळ आणि दुर्गम भागांतील शेतीसाठी तिथे २००० पासून थेट अनुदान सुरू झाले. ते मिळण्यासाठी वस्तीतील शेतकऱ्यांना आपसात किमान पाच वर्षांचा लेखी करार करावा लागतो: कोणती जमीन कसती ठेवायची, पाट आणि वाटा कोणी सांभाळायच्या, एखाद्याला जमले नाही तर त्याची जमीन कोण करील. करारातली जमीन पडीक पडली तर रक्कम परत करण्याची तरतूद असते. म्हाताऱ्या शेजाऱ्याचे खाचर पडीक राहिले तर माझेही अनुदान अडचणीत येणार, त्यामुळे ते खाचर माझ्याही काळजीचा विषय होते. व्यक्तीला दिलेल्या अनुदानाने हे घडत नाही.

स्वित्झर्लंडने २०१४ पासून भूदृश्याच्या गुणवत्तेसाठी स्वतंत्र अनुदान सुरू केले. प्रत्येक प्रदेश आपली उद्दिष्टे ठरवतो आणि शेतकरी त्यांतली कामे स्वेच्छेने करारावर घेतो: कुठे फळझाडे राखणे, कुठे पिकांची विविधता, कुठे दगडी भिंती. पैसे नेमक्या कामाला जोडलेले असल्याने वाद कमी होतात.

पर्यटनावर फार भिस्त ठेवू नका, एवढेच आणखी म्हणतो. दृश्य पाहायला येणारा पैसा खानावळवाल्याकडे जातो, दृश्य सांभाळणारा मात्र वरच्या उतारावर असतो. हा पैसा शेतापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था आराखड्यात नसेल तर ‘कृषी-पर्यटन क्षेत्र’ हे शब्द फक्त बांधकामाची नवी वाट उघडतात.

शिवारफेरी

तिघांचेही मनापासून आभार. वाफसा यांच्या मुद्द्यावरूनच पुढचा प्रश्न निघतो. आमच्या चर्चेत काही शेतकऱ्यांनी स्पष्ट सांगितले की त्यांना शेतांचे तुकडे जोडून हवे आहेत, मधले बांध काढून यंत्र फिरेल अशी सलग शेते हवी आहेत, आणि आराखड्याने जुनी ठेवण गोठवली तर ते विरोध करतील. त्यांची मागणी अवाजवी म्हणता येत नाही. कोणता बदल होऊ द्यायचा आणि कोणता अडवायचा, याचा निकष काय असावा?

सहधारक

तुकडेजोड योजनांच्या इतिहासात याचे उत्तर आहे, आणि ते बरेचसे चुकांमधूनच मिळालेले आहे. फ्रान्समध्ये १९५० पासून सुमारे ७० टक्के जिवंत कुंपणे नाहीशी झाली, आणि त्यात तुकडेजोडीचा वाटा मोठा होता. शेते मोठी झाली, यंत्रे आली, उत्पादन वाढले. मात्र ती कुंपणे उताराला आडवी असल्याने पावसाचे पाणी थोपवत होती, वारा अडवत होती, पक्ष्यांना आणि उपयुक्त कीटकांना थारा देत होती. हे काम कोणाच्या हिशेबात नव्हते. काही दशकांनंतर तीच कुंपणे पुन्हा लावण्यासाठी शासनाला पैसे द्यावे लागत आहेत.

नैर्ऋत्य जर्मनीतील काइझरश्टूल या लोएस, म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीच्या, टेकड्यांवर १९६० आणि १९७० च्या दशकांत द्राक्षांच्या अरुंद पायऱ्या सपाट करून त्या जागी यंत्रांना सोयीच्या भव्य पायऱ्या केल्या. पाणी उताराकडे धावून माती वाहून जाऊ नये म्हणून पायऱ्यांचा कल आत, डोंगराकडे ठेवला. हा कल मातीच्या दृष्टीने सयुक्तिक होता, पण रात्रीची थंड हवाही त्याच कलाने आत साचू लागली आणि द्राक्षांना हिमदाहाचा फटका बसला. जुन्या अरुंद पायऱ्यांवरून ती हवा पूर्वी खाली निघून जात असे. तिथे पुढच्या टप्प्यांत लहान आणि वेगळ्या कलाच्या पायऱ्यांकडे वळावे लागले.

या दोन्ही उदाहरणांवरून मी निकष असा मांडीन: बांधाचे वय किंवा देखणेपण पाहू नका, तो कोणते काम करतो ते पाहा. उताराला आडवा, पाणी थोपवणारा बांध राहिलाच पाहिजे. दोन भावांच्या वाटणीतून उताराच्या दिशेने पडलेला बांध गेला तरी प्रदेशाचे काही बिघडत नाही, उलट यंत्र समपातळीत चालवायला मदतच होते. ओढ्याकाठची झाडे, सलग कुंपणांची जोडणी, पाणंदी आणि पाणी उतरण्याच्या वाटा यांना हात लावू नये. शेताच्या मधल्या हद्दी हलवायला मुभा द्यावी. नेदरलँड्सच्या १९५४ च्या तुकडेजोड कायद्याने योजनेसोबत भूदृश्य आराखडाही जोडायला लावला, म्हणजे फेरवाटप आणि नवी लागवड एकाच कागदावर आली. तुमच्या शेतकऱ्यांना तुकडेजोड हवी असेल तर ती नाकारू नका; त्याच कागदावर बांधांची आणि झाडांची जबाबदारी लिहून घेण्याची याहून चांगली संधी पुन्हा मिळत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून जिवंत कुंपणांविषयी नियम आहेत. ठरावीक लांबीच्या वरचे कुंपण काढण्यापूर्वी स्थानिक नियोजन प्राधिकरणाला सूचना द्यावी लागते, आणि ४२ दिवसांत प्राधिकरणाने ते महत्त्वाचे ठरवून रोखले नाही तर मालकाला ते काढता येते. ही रचना मला आवडते, कारण ती सरसकट बंदी घालत नाही आणि मालकाला अनिश्चित काळ ताटकळतही ठेवत नाही. मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी गृहीत धरायची, एवढा धाक प्रशासनालाही असावा.

एक गोष्ट मात्र मला भूकरमापक यांना विचारायची आहे. आता शेतजमिनीवर घरांपेक्षा सौर प्रकल्पांचा दाब अधिक आहे. ते बांधकाम मानायचे की शेतीला पूरक वापर?

भूकरमापक

सहधारक, सौर प्रकल्पांसाठी मी जपानच्या नियमाकडे बोट दाखवीन. तिथे २०१३ पासून पिकांच्या वर उंच खांबांवर पॅनेल उभारायला परवानगी आहे. ती जमीन बिगरशेती होत नाही. खांबांपुरता तात्पुरता परवाना मिळतो आणि पॅनेलखालच्या पिकाचे उत्पादन परिसरातील सरासरीच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये अशी अट असते. मोजता येणारी अट आणि मुदतीचा परवाना, या दोन गोष्टी असल्या की ‘पूरक’ या विशेषणाचा गैरवापर कमी होतो. जमिनीलगतच्या, पीक न घेता उभारलेल्या प्रकल्पांना मात्र सरळ औद्योगिक वापर मानावे आणि त्यांना हलक्या, पडीक किंवा आधीच बिघडलेल्या जमिनीकडे वळवावे. पाणी जिरण्याच्या जागा त्यातही वगळाव्यात, कारण हलकी दिसणारी माळजमीन अनेकदा खालच्या विहिरींचे पाणी धरून असते. चराऊ जमिनींबाबतही हेच. ‘पडीक’ अशी नोंद असलेल्या कित्येक जमिनींवर कोणाची ना कोणाची जनावरे चरत असतात.

शिवारफेरी, तुमच्या सूचनांत एक प्रक्रियेची बाब अवश्य घाला, कारण ती राहून गेली तर वर लिहिलेले सगळे वाया जाऊ शकते. मसुदा प्रसिद्ध होणे आणि आराखडा मंजूर होणे यांच्या मधला काळ सर्वांत धोक्याचा असतो. निर्बंध येणार हे कळताच तुकडे पाडून विकण्याची, भराव टाकण्याची आणि झाडे काढण्याची घाई सुरू होते. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने हे ओळखून कायदा येण्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९७२ मध्येच, शेतजमिनीचे तुकडे पाडण्यावर अंतरिम स्थगिती आणली होती. एप्रिल १९७३ मध्ये कायदा झाला. तुम्हीही अंतरिम स्थगिती मागा, पण तिला ठरावीक मुदत मागा, आणि ती लागू होईल त्याच दिवशीची उपग्रह-चित्रे व पाणलोटनिहाय नोंद ‘मूळ स्थिती’ म्हणून अभिलेखात ठेवायला सांगा. मुदतवाढ द्यायची असल्यास कारणे लेखी प्रसिद्ध करावीत, अशी अटही त्यातच घाला.